पालथी टोपली

नैतिक धैर्य या विषयावर बोलायला मला अजून बोलावतात. कधी पालघरच्या एखाद्या कॉलेजातून, कधी इथल्याच, बोईसरच्या वाचनालयातून. आमंत्रण घेऊन आलेली मुलं चहा पिताना म्हणतात, "मॅडम, तुम्ही उदारमतवादी आहात, तुमच्याइतकं मोकळं कोण बोलणार?" मला हसू येतं. मोकळं बोलायला आता माझं काय जातंय? पेन्शन चालू आहे, गुडघे गेले आहेत, आणि माझ्या बोलण्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. मी जाते, बोलते, शाल आणि नारळ घेऊन रिक्षाने घरी येते. आणि दर वेळी घरी आल्यावर, पायातल्या चपला काढायच्या आधीच, मला इंदूकाकी दिसते. धुरकट, पांढरी, गोष्टीतल्या भुतासारखी नाही. चांगली अंगापिंडाने, पदर कमरेला खोचलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी. काही बोलत नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि या पुस्तकातली बाकीची सगळी प्रकरणं लिहून होईपर्यंत मी हे एक टाळत आले. शाळा लिहिली, आजोळ लिहिलं, समुद्रात बुडता बुडता वाचले तेही चवीने लिहिलं. ही एवढी जागा तशीच राहिली होती.

आमचं घर पालघरजवळच्या माहीमला, समुद्र ऐकू येईल इतकं जवळ आणि दिसणार नाही इतकं आत. घरामागे आमची वाडी होती. कडेने नारळ, सुपारी, केळी, आणि मधोमध कुडाने बंद केलेली पानवेल. पानवेल म्हणजे विड्याच्या पानांचा मळा. आमच्याकडे त्याला नुसतं पानवेल म्हणतात. बाहेर कितीही ऊन असो, आत हिरवा काळोख असायचा. पाटातलं पाणी सुळसुळत वाफ्यावाफ्यांतून फिरायचं, आणि ओल्या मातीचा आणि पानांचा एक तिखट वास नाकात बसायचा. तो वास आमच्या कपड्यांना, केसांना, अंथरुणालाही होता. शाळेत मुली म्हणायच्या, शालू आली की पानाचं दुकान आल्यासारखं वाटतं. सकाळी पहिल्यांदा आत जायचे ते माझे आजोबा, म्हणजे नाना. कुडाबाहेर चपला काढायच्या, दाराशी वाकून माती कपाळाला लावायची, आणि मग दार उघडायचं. आत गेले की ते वेलींशी बोलत. "काय, झोप झाली का?" असं अगदी नातवंडांना विचारावं तसं. आमच्याशी ते इतकं गोड बोलल्याचं मला आठवत नाही, पण कधी आवाजही चढवला नाही त्यांनी. शांत, मायाळू माणूस होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं वाचताना कुणी त्यांना राक्षस समजेल. राक्षस असते तर मला सगळंच सोपं गेलं असतं.

पानवेलीचे नियम कडक. चपला घालून आत जायचं नाही, पारोशाने जायचं नाही, सुतकात जायचं नाही. आणि बाई बाहेरची असेल तर तिने कुडाच्या आत पाऊल टाकायचं नाही. तिची सावलीसुद्धा वेलीवर पडू द्यायची नाही. आता ही गोष्ट पुरुषांना सांगायची कशी? त्यासाठी आमच्या वाडीत एक पद्धत होती. खुडणीच्या प्रत्येक बाईची टोपली कुडाच्या दाराशी, बाहेर असायची. अडचण आली की बाईने आपली टोपली पालथी घालून ठेवायची, आणि ते चार दिवस केळीच्या खोडाचे सोप सोलायचे, खराटे बांधायचे, नाहीतर घरीच थांबायचं. कुणी कुणाला काही विचारत नसे. नाना येता जाता टोपल्यांकडे एक नजर टाकत, बस. घरच्या बायकांनाही तोच नियम. माझी आई, काकी, आणि नुकतीच मोठी झालेली मी, आमच्याही टोपल्या तिथेच. पहिल्यांदा माझी टोपली पालथी घातली तेव्हा मी लाजेने अर्धी झाले होते. साऱ्या वाडीला, काकाला, नानांना, पाणी सोडणाऱ्या गड्याला, सगळ्यांना ती टोपली दिसणार होती. काकीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "एवढं काय त्यात? नाना आपल्याकडे बघत नाय, टोपलीकडे बघतात." आणि फिसकन हसली.

काकी म्हणजे काकाची बायको. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायका तिच्या ओटीत नारळ टाकताना जरा जास्तच आशीर्वाद द्यायच्या. ती मोठ्या आवाजाची, कामाला वाघ, आणि थट्टेखोर. थंडीत उकडहंडी करायची तर तिनेच. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, सुरण, वर हिरवा मसाला आणि खोबरं, तोंडाला केळीचं पान बांधून मंद आचेवर सोडून द्यायचं, आणि तोवर हिने बायकांना गोष्टी सांगायच्या. देवाचं मात्र तिचं फार होतं. उपास, वार, सोवळं, सगळं काटेकोर. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, पालघरला शाळेत शिकवत. ते सुधारक. जेवताना ताटावर अंधश्रद्धा, विवेक, समता असले शब्द वाढून ठेवायचे. काकी भाकरी थापता थापता म्हणायची, "भावोजी, आधी गिळा, मग सुधारा." भाऊसुद्धा हसायचे. मी भाऊंची मुलगी. माझं उदारमतवादी वगैरे जे काही आहे ते त्या ताटावरचं आहे.

आणि बुधी. डोंगराकडच्या पाड्यावरची वारली बाई. पावसाची भातशेती आटोपली की ती आणि तिचा नवरा आमच्याकडे यायची आणि वाडीच्या टोकाला झोपडीत राहायची. अंगठ्याला पत्र्याचं नख लावून ती पान असं खुडायची की देठाला कळूही नये. त्या वर्षी ती अंगावर पिणारं पोर घेऊन आली होती. कुडाच्या आत, दाराजवळच्या दोन सुपाऱ्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात पोर टाकायचं आणि खुडायला बसायचं. पोर रडलं की ती लांबूनच काहीतरी गुणगुणायची आणि ते गप्प व्हायचं. बुधी फार बोलत नसे. काकीचं मात्र तिच्याशी जमायचं. दुपारी दोघी कुडाबाहेर बसून सुकटीची चटणी आणि भाकरी खायच्या. काकी सोवळ्यातली असली तरी बुधीच्या पोराला मांडीवर घेतल्याशिवाय राहायची नाही. मग आंघोळ करायची आणि देवघरात जायची. भाऊ म्हणायचे, वहिनीचा देव मोठा समजूतदार आहे.

त्या हिवाळ्यात पानवेलीला मर लागली. आधी दाराजवळच्या वाफ्यातल्या चार वेली पिवळ्या पडल्या. मग पानं मऊ होऊन लोंबायला लागली, आणि वेल ओढून बघितली तर बुडाशी काळी, कुजकी, घाण वास मारणारी. नाना रोज सकाळी तिथे उकिडवे बसायचे आणि मेलेल्या वेलीवरून हात फिरवायचे. त्यांनी गोमूत्र शिंपडलं, नारळ दिला, नवस बोलले. रोग सरकत शेजारच्या वाफ्यात गेला. घरातलं बोलणं कमी झालं. काका जेवताना ताटाकडे बघत नसे. आणि मग, जसं सगळीकडे होतं, कुणीतरी म्हणालं की वेल उगाच जात नाही, विटाळ झाला असणार. एकदा हे तोंडातून निघाल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे टोपल्या आल्या. कुणाकुणाच्या पालथ्या झाल्या होत्या, कुणाच्या नाही. काकाला आठवलं की बुधीची टोपली ती आल्यापासून एकदाही पालथी झालेली नाही.

यात काही गूढ नव्हतं. बुधीचं पोर अंगावर पीत होतं. तिला अजून अडचण येतच नव्हती. माझ्या आईला हे माहीत होतं, काकीला माहीत होतं, खुडणीच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पुरुषांना, आणि पुरुषांना ते सांगणार कोण? सासऱ्यापुढे, दिरापुढे असला शब्द उच्चारणारी बाई त्या घरात नव्हती. आईने चुलीपाशी भाऊंच्या कानात सांगितलं. मी तिथे पिठाचा डबा धरून उभी होते. भाऊंनी मान डोलावली आणि म्हणाले, "बघतो, योग्य वेळी नानांशी बोलतो."

योग्य वेळ दुसऱ्याच दिवशी आली. दुपारची वेळ होती. नानांनी बुधीला कुडाच्या दाराशी बोलावलं. काका होता, भाऊ होते, शेजारच्या वाड्यांमधले दोघेतिघे बागाईतदार येऊन उभे राहिले होते. आम्ही बायका मागच्या पडवीच्या पायऱ्यांवर. बुधी पोराला छातीशी धरून जमिनीकडे बघत उभी होती. तिचा नवरा तिच्यामागे, हात जोडून.

"बुधी, खरं सांग," नाना म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. "तू आत गेलीस?"

"कामाला जाते नाना. रोज जाते."

"तसं नाय विचारत मी."

"तसं नाय गेले, नाना. माज्या पोराची आन."

"मग कोण गेलं? तुला ठाऊक हाय?"

बुधी काही बोलली नाही. नानांनी पुन्हा विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. एक शेजारी म्हणाला, ही गप्प बसते म्हणजे हिला ठाऊक हाय. दुसरा म्हणाला, विटाळ नसेल तर नजर असेल. काका म्हणाला, "नाना, उद्या भगताला आणू. तो नाव काढेल." हे ऐकल्यावर बुधीचा नवरा मटकन खाली बसला. भगताने नाव काढलं तर पुढे काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आधीच्याच वर्षी डोंगराकडच्या एका बाईचं नाव निघालं होतं, भुताळी म्हणून. तिला तिच्याच माणसांनी मारून हाकलली होती. तिचं पुढे काय झालं ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाड्यावर बुधीची सासू होती, थोरली मुलं होती. मी भाऊंकडे बघितलं. आईनेही बघितलं. भाऊंनी घसा खाकरला. मला वाटलं, आता. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

काकी माझ्या शेजारून उठली. ती कधी पायऱ्या उतरली ते मला कळलंही नाही. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला आणि जाऊन सरळ नानांच्या समोर उभी राहिली. सून अशी सासऱ्यासमोर उभी राहत नसे.

"नाना, बुधीला सोडा. मी गेलेली."

नानांना आधी कळलंच नाही. "कुठे?"

"आत. बाहेरची असताना." तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, म्हणून तर सगळ्या वाडीला ऐकू गेलं. "या महिन्यात गेले, मागल्या महिन्यात गेले, त्याच्याही मागल्या. लग्न होऊन या घरात आले तवापासून दर महिन्याला जाते. टोपली पालथी घालायची, आणि तुमी घरात वळलात की आत शिरायची. तवा वेली हिरव्यागार होत्या ना? त्याच पानांचा विडा तुमी देवापुढे ठेवलात ना? मग आता या गरिबाच्या बाईला कशाला धरता?"

मी आयुष्यात पुढे खूप भाषणं ऐकली, मोठमोठ्यांची. तसं नंतर कधी ऐकलं नाही. पाटातलं पाणी तेवढं वाजत होतं. काकाने हात उगारला. नाना म्हणाले, "नको." मग ते कुडाला धरून हळूहळू खाली बसले. भर वाळूत, धोतर मळेल याचा विचार न करता. काकी तशीच उभी. ती रडली नाही. नाना बोलले तेव्हा काकीशी बोललेच नाहीत. काकाला म्हणाले, "तिला सांग, घरात येऊ नको म्हणावं."

भगताला कुणी बोलावलं नाही. बुधी आणि तिचा नवरा त्याच संध्याकाळी सामान आवरून पाड्याकडे गेली. बुधी जाताना मागच्या पडवीशी आली, काकीच्या समोर थोडा वेळ उभी राहिली, पोराचा हात धरून काकीच्या गालाला लावला आणि गेली. ती आमच्याकडे परत कधी आली नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, वीटभट्टीवर गेली. नोकरी लागल्यावर मी एकदा तिच्या पाड्यावर चौकशी करून आले. बुध्या तिथे पुष्कळ होत्या, आमची नव्हती.

काकीला घराबाहेर काढली नाही. तसं केलं असतं तर गावात बोभाटा झाला असता, आणि आमची पानं कुणी घेतली नसती. तिची चूल मागच्या पडवीत मांडली. भांडी वेगळी, पाण्याची कळशी वेगळी. देवघर बंद, स्वयंपाकघर बंद, पानवेल तर जन्माची बंद. नानांनी तिच्या हातचं पाणी पुन्हा घेतलं नाही. त्यांनी विडा खाणंही सोडलं. जेवल्यावर नुसतीच सुपारी चघळत बसायचे. काका तिच्याशी बोलायचा तो आमच्यामार्फत. "तिला सांगा, बाजारात जातोय." ती समोरच असायची. आईने लपूनछपून मला वाटी देऊन मागे पाठवलं तर काकी म्हणायची, "नेऊन दे. नाना बघतील." तिचा तो मोठा आवाज महिन्याभरात कुठे गेला कुणास ठाऊक. पहाटे पडवीत एकटीच तांदूळ पाखडायची तो आवाज मला अजून मधूनच ऐकू येतो. सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये सूप नाही, पाखडायला तांदूळ नाही, तरी येतो. नवरा होता तोवर मी त्याला विचारायचे, तुला आलं का ऐकू? तो म्हणायचा, कारखान्याचा पंप असेल.

पानवेल वाचली नाही. सगळीच बाटली म्हटल्यावर नानांनी ती शुद्ध करून घेतली. गडीमाणसांच्या हातात गोमूत्राची आणि पाण्याची भांडी दिली, आणि दाराजवळच्या मेलेल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत सगळे अनवाणी, एकामागून एक, प्रत्येक वेलीच्या बुडाशी शिंपडत गेले. चिखल झाला होता. माणसांच्या घोट्यापर्यंत माती चिकटलेली मी पाहिली. कित्येक वर्षांनी शेती खात्यातल्या एका माणसाला मी हे सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "बाई, हा रोग मातीतून आणि पाण्यातून जातो. आजारी वाफ्यातली माती पायांनी साऱ्या मळ्यात नेलीत की तुम्ही." शिमग्यापर्यंत आत एक वेल उभी नव्हती. नानांनी कुड मोडला आणि चुलीला दिला. त्यानंतर ते फार जगले नाहीत. भाऊ मात्र पुष्कळ जगले. शेवटपर्यंत वाचायचे, पण जेवताना बोलायचे नाहीत. मी एकदाच विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? म्हणाले, "शब्द जुळवत होतो गं. तेवढ्यात वहिनी बोलली."

मी कॉलेजात शिकवायला लागले आणि काकीची गोष्ट सांगायला लागले. नावगाव बदलून, पण सांगायचे. एका अर्धशिक्षित बाईने भर पुरुषांत उभं राहून साऱ्या रूढीची हवा कशी काढली. दर महिन्याला आत जाते आणि वेली हिरव्याच आहेत, म्हणजे तुमचा नियम खोटा, हे तिने कसं सिद्ध करून दाखवलं. मुलं टाळ्या वाजवायची. मलाही भरून यायचं. आमच्या घरात एक बंडखोर होती, आणि मी तिची पुतणी. आम्हा उदारमतवाद्यांना अशी माणसं फार लागतात. आपण जे बोलतो ते कुणीतरी करून दाखवलेलं असलं की बरं असतं.

काका गेल्यावर वाडी विकली. काकीला मी बोईसरला माझ्याकडे आणली. तिला इथलं काही आवडलं नाही. रात्रंदिवस कारखान्यांचा वास, भोंगे, खाली हिंदीत भांडणारी पोरं. तरी माझ्या स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकलं नाही. मी किती सांगितलं, हे माझं घर आहे, इथे नाना नाहीत. म्हणायची, "आता सवय मोडत नाय गं." खुर्ची घेऊन दाराबाहेर बसायची आणि भाजी निवडून द्यायची. मी मैत्रिणींना हसून सांगायचे, जुन्या माणसांच्या सवयी.

तिच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी काही विद्यार्थी घरी आले होते. कशावरून तरी विषय निघाला आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली. काकी आतल्या खोलीत पडून होती. मला वाटलं झोपली आहे. मुलं गेल्यावर तिने हाक मारली.

"शाले, माझं काय सांगत होतीस त्या पोरांना?"

मी जरा ओशाळले. "खरं तेच सांगत होते."

"खरं नाय ते." ती उठून बसायला लागली, मी उशी दिली. "दर महिन्याला कुठची जाते मी? देवाचं भय नव्हतं का मला? एकदाच गेले. त्याच महिन्यात. बुधी लांब होती, आणि झोळीतलं पोर रडून रडून काळंनिळं व्हायला लागलं. कुणी नव्हतं. मी कुडाबाहेर उभी, टोपली माझी पालथी. किती वेळ उभी राहू? गेले आत. पोराला घेतलं, उभी राहिले तिथेच, दाराजवळच्या वाफ्यात. तोच वाफा आधी गेला."

मी विचारलं, "मग दर महिन्याला असं का म्हणालीस?"

"एकदाच म्हटलं असतं तर कोण ऐकणार? म्हणाले असते, बुधीला सांभाळते. एवढं मोठं अंगावर घ्यायला पायजे होतं, की तिच्याकडे कुणी वळून बघता नये." ती दमली होती. थोडं पाणी प्यायली. "आणि हिंमत हिंमत काय सांगतेस? बुधीला ठाऊक होतं. माझ्या कडेवरून पोर तिनेच घेतलं, तिथे आत. तिने माझी टोपली बघितली होती. नाना विचारत होते, कोण गेलं, तुला ठाऊक हाय? तिने नुसतं बोट केलं असतं तरी ती सुटली असती. भगताचं नाव काढलं तरी बोलली नाय. पोराला घट्ट धरून उभी. मी पायरीवर बसून बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. ती बोललीच नाय. मग मी काय करणार? माझं होतं ते मी घेतलं."

इतकी वर्षं मी ती दुपार माणसांना सांगत होते, आणि त्या दुपारी सगळ्यांच्या देखत जे घडत होतं ते मला दिसलंच नव्हतं. बुधीचं गप्प बसणं मी माझ्या भाषणात एका वाक्यात उरकायचे: भेदरलेली, मुकी, शोषित स्त्री. आणि काकी. तिने कुठलीही रूढी मोडली नव्हती. तिचा त्या नियमावर माझ्या नानांइतकाच विश्वास होता. आपल्यामुळे मळा मेला, नाना खचून गेले, हे ती पडवीतल्या चुलीपाशी बसून जन्मभर खरं मानत आली होती. मी असल्या गोष्टी मानत नाही; तिच्या जागी मी बोलले असते तर घर गेलं असतं, माणसं गेली असती, पण आतून मी स्वच्छ राहिले असते. तिला तेवढंही मिळालं नव्हतं.

मी तिचे दोन्ही हात धरले आणि घाईघाईने सांगायला लागले. शेती खात्यातला माणूस काय म्हणाला ते सांगितलं. काकी, हा मातीतला रोग असतो, बुरशी असते, ती पाण्यातून आणि पायांना चिकटून जाते, त्या शुद्धीनेच सगळा मळा गेला, तुझ्यामुळे एक पानसुद्धा गळलं नाही. वर्गात सांगावं तसं सगळं नीट, उलगडून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. अगदी लक्ष देऊन, लहानपणी मी शाळेतली कविता म्हणून दाखवायचे तेव्हा ऐकायची तसं.

"बरं," ती म्हणाली. "तू शिकलेली हायस, तू म्हणतेस तसं असेल." मग खिडकीकडे बघितलं. आणि म्हणाली, "पण आता वर गेल्यावर नाना भेटतील. ते तर तुझी पुस्तकं वाचलेले नाय. मी त्यांना काय सांगू, तेवढं मला सांगून ठेव."

तिच्या हातांची बोटं गार पडली होती. मी ती माझ्या हातात चोळत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, खरोखरच उत्तराची वाट बघत होती. मी शब्द जुळवत राहिले.